उन्हाचा हिशेब

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे महिन्याचे मधले दहा दिवस सुरू होते. रविवार होता. जोहरची नमाज पढून घरी आलो. रोजा असला की दुपार फार लांबते. वाचायला बसावे तर अक्षरे डोळ्यांपुढे तरंगतात, आडवे व्हावे तर तळमजल्यावरच्या दुकानांचा गलबला वर येतो. म्हणून उगाच गच्चीवर गेलो. आमचे घर नवे आहे, चार मजली. बांधून दीड वर्ष झाले, तरी गच्चीचे अप्रूप अजून संपलेले नाही. तिथून जुने शहर एका नजरेत येते. मशिदींचे मिनार, देवळांचे कळस, पाण्याच्या असंख्य काळ्या टाक्या आणि लांबवर, डोंगराच्या बाजूला, बीबी का मकबऱ्याचा घुमट.

खाली शेजारच्या अंगणात काकू कुरडयांची चादर ओढत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. चादरीचे एक टोक दोन्ही हातांनी धरायचे, वीतभर ओढायचे, मग वळसा घालून दुसरे टोक ओढायचे. मला वाटले, मांजराच्या भीतीने आडोशाला नेत असतील. दहा मिनिटांनी पाहिले तर पुन्हा तेच. मग लक्षात आले की त्या उन्हाच्या मागे चालल्या आहेत. पश्चिमेकडून अंगणात सावली सरकत होती आणि पूर्वेच्या भिंतीपाशी उन्हाचा हातभर पट्टा उरला होता. सावलीची कड दोरी लावून आखल्यासारखी सरळ होती. त्या कडेवर मध्येच एक गोल डोके दिसत होते. मी मान हलवली, तेही हलले.

घड्याळात दोन वाजले होते.

त्या अंगणातले ऊन मला पाठ आहे. लहानपणी वाळवणाच्या दिवसांत कावळे हाकायला आम्हा पोरांची नेमणूक व्हायची. हातात काठी आणि पगार म्हणून वाटीभर गरम चीक, वर दूध-साखर. तेव्हा साडेतीन-चारपर्यंत अंगणात ऊन असे. चांद्र महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्याने सध्या रमजान नेमका वाळवणाच्या दिवसांत येतो. चीक शिजवून सोऱ्याने पाडलेल्या कुरडयांना दोन-तीन दिवस कडक ऊन लागते. ते मिळाले नाही तर त्या आंबतात, त्यांना बुरशी धरते. चार मजली घर बांधून आम्ही काकूंचे रोजचे दीड-दोन तास ऊन काढून घेतले होते आणि दीड वर्ष आम्हाला ते कळलेही नव्हते.

त्या रात्री तरावीहनंतर मी वही काढून जकातीचा हिशेब मांडायला बसलो. रमजानमध्ये बहुतेक घरांत ही वही निघते. सोने किती, चांदी किती, बँकेत किती, धंद्यात माल असेल तर तो किती. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि वर्षभर राहिले असेल तर त्याचा अडीच टक्के भाग गरिबांचा. राहत्या घरावर मात्र जकात नाही. एका खोलीचे असो की चार मजल्यांचे, राहते घर हिशेबात धरत नाहीत. दरवर्षी मी घराचा रकाना न थांबता ओलांडतो. त्या रात्री पेन तिथेच थांबले. जकात नाही हे खरे, पण म्हणून घराचा काहीच हिशेब नाही का?

आम्ही का बांधले

आधी आमची बाजू सांगतो, कारण ती खोटी नाही. अब्बांचे घर चुना-विटांचे, कडीपाटाच्या छताचे. पुढे दालान, मध्ये आंगन, मागे दोन अंधाऱ्या खोल्या, वर नंतर बांधलेली एक खोली. जुन्या वाड्यांविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी त्या घरात एक पावसाळा काढून पाहावा. छत चार ठिकाणी गळायचे, तुळयांना वाळवी लागली होती. शौचालय एकच होते आणि सकाळी माणसे बारा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नव्हता. मिळाला तरी त्याची मजुरी आणि वेळ, दोन्ही परवडत नव्हते.

अब्बा गेल्यावर वाटणीचा प्रश्न आला. आम्ही तिघे भाऊ, एक बहीण. वारसा कायद्याप्रमाणे बहिणीचा हिस्सा पैशांत दिला. अनेक घरांत बहिणीकडून सही घेऊन विषय संपवतात, ते अम्मीला मान्य नव्हते. तो पैसा आणि बांधकामाचे कर्ज फेडायचे तर तळमजल्यावर दुकाने काढणे आले. तीन भावांचे तीन संसार, म्हणजे वर तीन मजले. जागा तेवढीच होती, म्हणून घर वर गेले. यात चैन कुठे आहे? जुन्या शहरात उभी राहणारी निम्मी उंच घरे अशीच, वाटण्यांतून, उभी राहतात. उरलेल्या निम्म्यांत आखाती देशांतला पगार असतो, पुण्या-बंगळूरची नोकरी असते, किंवा धंद्यात मिळालेले यश. ‘आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच लोकांपुढे’ घर बांधावे ही इच्छा असते. तीही मला समजते. ज्या गल्लीने गरिबी पाहिली, तिने बरे दिवसही पाहावेत असे कोणाला वाटत नाही?

पाया खोदायच्या वेळी एक पेच आला. काकूंच्या घराच्या पाच तुळया आमच्या भिंतीत बसलेल्या निघाल्या. जुन्या वस्तीत भिंती सामायिक असतात. दोन घरे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असतात. ठेकेदार म्हणाला, “भिंत तुमची आहे, पाडून टाकू. त्यांचे ते बघतील.” अम्मीने त्याला तिथेच थांबवले. शेजाऱ्याने आपल्या भिंतीत तुळई टेकवायची म्हटली तर त्याला अडवू नये, अशी पैगंबरांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत आहे. अम्मीला किताबांची नावे सांगता येत नाहीत, पण गोष्ट तिला ठाऊक होती. आम्ही जुनी भिंत तशीच ठेवली, आमचे खांब हातभर आत घेतले. तेवढी जागा गेली. आपण शेजारधर्म पाळला, असे समाधान वाटले. ते समाधान दीड वर्ष टिकले.

गच्चीवरची गोष्ट सांगितली तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, “दीवार तो छोडे, धूप कू भूल गए.”

पाणी, हवा, पडदा

उंच घर शेजाऱ्याचे काय काय घेते, हे मी त्यानंतर गल्लीत फिरून पाहिले. डोळे उघडे ठेवले की यादी लांबत जाते.

पहिले पाणी. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, वसले तेच मुळी वाटून घेतलेल्या पाण्यावर. मलिक अंबरने १६१० साली खडकी गावी हे शहर वसवले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आणले. जागोजागी उंच बंबे आणि हौद. पाणी चढ-उताराच्या जोरावर पुढे सरके. एका जागी कोणी अडवले तर पुढचे हौद कोरडे. म्हणजे वरच्याने खालच्याचा विचार केल्याशिवाय ती व्यवस्था चालूच शकत नव्हती. आज आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, हे वाचकांना सांगायला नको. पाणी येते त्या दिवशी मोठ्या घराची मोटार सुरू होते, जमिनीखालची भली मोठी टाकी भरू लागते आणि शेजारच्या जुन्या घराच्या नळाची धार करंगळीएवढी होते. वुजूसाठी थेंब-थेंब पाणी जपावे असे शिकवणाऱ्या धर्माचा मी माणूस. आमच्याही घरी तीच मोटार आहे.

दुसरा पडदा. हा शब्द वाचून फक्त बुरखा डोळ्यांपुढे आणू नका. जुन्या वस्तीतले आंगन ही बाईची मोकळी जागा होती. हिंदूंच्या वाड्यात असो की मुसलमानांच्या देवडीत, तिथे ती न्हायल्यावर केस वाळवी, उन्हाळ्यात बाज टाकून झोपे, डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला धास्ती नसे. एक चार मजली घर उभे राहिले की आजूबाजूची दहा अंगणे त्याच्या खिडक्यांखाली येतात. आमच्या मागच्या गल्लीत तीन घरांनी अंगणावर पत्रे टाकून घेतले आहेत. म्हणजे उंच घराने ऊन घेतले ते वेगळे, आणि नजरेच्या भीतीने उरलेले ऊन त्यांनी स्वतःच बंद केले.

तिसरी जमिनीची पातळी. नवे घर बांधणारा जोते दोन-तीन फूट वर घेतो. दर काही वर्षांनी गल्लीत काँक्रीटचा नवा थर पडतो. जुने घर आहे तिथेच राहते, म्हणजे खाली जाते. पावसाळ्यात सगळ्या गल्लीचे पाणी त्याच्या उंबऱ्यातून आत येते. मग तो घरमालकही म्हणतो, आता पाडून बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. एक घर उंच झाले की हवेसाठी दुसऱ्याला उंच व्हावे लागते, त्याच्यामुळे तिसऱ्याला. ज्याच्याकडे पैसा नाही तो तळाशी राहतो किंवा विकून निघून जातो. बहुधा असा माणूस म्हणजे एकटी म्हातारी, नाहीतर मुलीच मुली असलेले घर.

चौथी गरम हवा. जाड भिंतींची जुनी घरे दुपारी थंड असत. सिमेंटचे घर तापते, म्हणून वातानुकूलन यंत्र येते. त्याचा बाहेरचा पंखा शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून बसतो. आपली खोली गार करताना काढलेली उष्णता शेजाऱ्याच्या घरात जाते. रोजा त्यालाही असतो किंवा त्याचा एकादशीचा उपास असतो.

कायदा किती पुरतो

तुम्ही म्हणाल, यासाठी नियम आहेत. आहेत. २०२० मध्ये महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली आली. पण जुन्या दाट वस्तीत प्लॉट इतके लहान असतात की बाजूने मोकळी जागा सोडण्याची सक्ती तिथे फारशी नसते. ती केली तर घरच उरणार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड आणि हवेचा हक्क आहे. वीस वर्षे अखंड उपभोग घेतला असेल तर तो मागता येतो. पण तो मागायचा म्हणजे दावा लावायचा. ज्या घरातून आपल्याकडे दिवाळीचा फराळ येतो त्या घरावर दावा कोण लावतो? आणि लावला तर फराळ येतो का?

इस्लामी धर्मशास्त्रात ‘शुफा’ नावाचा एक हक्क आहे. घर विकायचे तर आधी भागीदाराला, मग ज्याची वाट किंवा पाणी सामायिक आहे त्याला आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्यालाही ते घेण्याचा पहिला हक्क. आपल्या देशातही तो काही प्रमाणात चाले. राज्यघटना आल्यावर, १९६० च्या दशकात, केवळ शेजारी असल्याच्या आधारावरचा हा हक्क घटनेत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मला ते योग्य वाटते. ‘आमच्या वस्तीत परका नको’ यासाठीही असा हक्क वापरता येतो, आणि घर शोधताना आडनाव ऐकून बंद झालेली दारे मी पाहिलेली आहेत. पण त्या जुन्या हक्काच्या मुळाशी एक जाणीव होती, ती टाकून देण्यासारखी नाही. घर माझे असले तरी त्याच्या बऱ्या-वाईटात शेजाऱ्याचा वाटा असतो.

चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अल-रामी नावाचा एक गवंडी होऊन गेला. बांधकामाच्या तंट्यांत काझी त्याचा सल्ला घेत. त्याने या तंट्यांवर अरबीत एक ग्रंथच लिहिला. दुसऱ्याच्या घरात नजर जाईल अशी खिडकी, शेजाऱ्याला त्रास देणारा धूर, सामायिक भिंत, समोरासमोर येणारी दारे असे त्याचे विषय. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना आपल्याच गल्लीचे भांडण वाचतोय असे वाटते. त्यामागचे तत्त्व साधे आहे. आपल्या जागेत हवे ते करा, फक्त दुसऱ्याला इजा होता कामा नये. पण इजा म्हणजे काय, हे बांधणाऱ्याला चौथ्या मजल्यावरून दिसत नाही. ते खालच्याला विचारावे लागते.

काकूंचे उत्तर

दुसऱ्या दिवशी असरच्या आधी मी काकूंकडे गेलो. दीड वर्षात मी त्यांच्या दारात किती वेळा गेलो असेन, ते आठवून पाहिले. ईदला एकदा, त्यांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा एकदा. पूर्वी जाण्यासाठी कारण लागत नसे. दोन अंगणांमधल्या भिंतीत एक झरोका होता. त्यातून इफ्तारची ताटली तिकडे जायची, संक्रांतीचा तिळगूळ इकडे यायचा. विरजण, कढीपत्ता, पोरांच्या तक्रारी, सगळे त्यातून. जुनी भिंत वाचवली खरी, पण आमच्या नव्या भिंतीमागे तो झरोका बुजला. या शहराचे मूळ नाव मराठीत ‘खडकी’ लिहितात, फारसी लिपीतले तेच नाव ‘खिडकी’ असे वाचले जाते. एका वाचनात दगड आहे, दुसऱ्यात झरोका. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला हा योगायोग फार आवडायचा. वर्गात अनेकदा सांगितला आहे. माझ्या घराने त्यातले कोणते वाचन निवडले, ते काकूंच्या पायरीवर बसल्यावर कळले.

“काकू, ऊन लवकर जातं का आता?”

“आता कळलं व्हय?” काकू हसल्या. “दीड वर्ष झालं की रे.”

“बोलला का नाहीत?”

“काय बोलू? घर पाड म्हणू?” त्या सुपातल्या कुरडया डब्यात भरत होत्या. हात थांबले नाहीत. “तुझ्या अब्बांनी वरची खोली काढली ना, तेव्हा आले होते विचारायला. इथंच बसले होते, तू बसलास तिथं. हे म्हणाले, बांधा, पण खिडकी जरा उंचावर ठेवा. झालं. तू विचारलं असतंस तर मीही बांधा असंच म्हणाले असते. पोरांचे संसार वाढले, खोल्या लागणारच. पण विचारलं असतंस.”

मी गप्प बसलो. महापालिकेची परवानगी घेतली होती, बँकेला कागद दाखवले होते, इंजिनिअरकडे अकरा खेपा घातल्या होत्या. वास्तुशांतीसारखी आमच्याकडे कुराणखानी असते, तिचे आमंत्रण काकूंना दिले होते. नकाशा मात्र दाखवला नव्हता. वाईट हेतूने नाही. सुचलेच नाही. अब्बांना सुचले होते. ते चौथी शिकलेले, मी पदव्युत्तर.

“रोजा आहे म्हणून चहा विचारत नाही,” काकू म्हणाल्या आणि कुरडयांचा डबा माझ्या हातात ठेवला. “आपाला दे. पहिल्या घाण्याच्या आहेत, जरा आंबल्यात.”

संध्याकाळी त्या तळल्या. खरेच आंबल्या होत्या. दस्तरख्वानवर कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी खाल्ल्या.

पाडता येत नाही, मग काय करता येते

रात्री आम्ही भाऊ बसलो. धाकटा वैतागून म्हणाला, “अब धूप कां से लाना, भाईजान?” त्याचे खरे होते. घराचे हप्ते अजून अकरा वर्षे आहेत. ऊन परत देता येत नाही. पण जे देता येईल ते मोजायला हरकत नव्हती.

आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असते, तिथे आम्ही फक्त टाकी आणि अँटेना ठेवली होती. जिना बाहेरून आहे, घरातून जावे लागत नाही. आता काकूंचे वाळवण तिथे पडते. चार मजले त्यांना चढवत नाहीत. पुतणे सकाळी चादर वर नेतात, असरनंतर उतरवतात. पगार तोच जुना, वाटीभर चीक. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी विचारले, त्यांच्याही पापडांना जागा झाली. नळाला पाणी आल्यावर पहिला तासभर मोटार लावायची नाही असे ठरले. पहिले दोन आठवडे आमच्याकडे कुरकुर झाली, मग टाकी उशिरा भरते पण भरते, हे दिसले. वातानुकूलनाचा बाहेरचा पंखा रस्त्याच्या बाजूला हलवला. काकूंच्या अंगणाकडे येणारी भिंत मातकट रंगाची होती, ती पांढरी केली. ऊन नाही तरी उजेड थोडा परततो. जिन्याच्या खिडक्यांना डोक्याएवढ्या उंचीपर्यंत धुरकट काच बसवली. सगळ्याचा खर्च घराच्या खर्चाच्या मानाने काहीच नव्हता. हे सगळे नकाशावर असतानाच केले असते तर बहुतेक फुकट झाले असते.

अम्मीचे गुडघे दुखतात, तिला खाली उतरवत नाही. तिने पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून दोरीला डलिया बांधली आहे. मगरिबच्या आधी तिच्यातून ताटली खाली जाते: भजी, खजूर, कधी खिमा-समोसा असेल तर त्याऐवजी काकूंसाठी वेगळी फळांची वाटी. डलिया रिकामी वर येत नाही. तिच्यात काकू काही ना काही ठेवतात. झरोक्याची सर डलियाला नाही. पण वरून आवाज द्यावा लागतो आणि खालून उत्तर येते, एवढे तरी सुरू झाले.

हे मी स्वतःची पाठ थोपटायला लिहीत नाही. ज्याने आधी ऊन घेतले त्याने नंतर गच्ची दिली, यात थोपटण्यासारखे काय आहे? लिहितो अशासाठी, की आपल्या शहरात, आणि प्रत्येक जुन्या शहरात, यंदा ईदनंतर, अक्षय तृतीयेनंतर अनेक घरांचे पाये खोदले जातील. जुनी घरे कायम तशीच राहावीत असे मी म्हणणार नाही. त्यांत राहणाऱ्यांना कोरडे छत, मुलींना स्वतःची खोली आणि म्हाताऱ्यांना घरात शौचालय मिळायलाच हवे. मोठे घर बांधणे हा गुन्हा नाही. पण करमपुरा नव्हे, पदमपुरा आणि कर्णपुरा अशी राजपूत सरदारांची नावे, बेगमपुरा असे बेगमेचे नाव, अशा वेगवेगळ्या माणसांच्या वस्त्या एकाच तटाच्या आसपास नांदल्या, त्या रोज एकमेकांना थोडी-थोडी जागा देऊनच. तेवढी जागा आपल्या नकाशातही हवी.

म्हणून बांधणाऱ्यांना एकच विनंती. नकाशा पक्का होण्याआधी तो घेऊन चारही बाजूंच्या दारांत जा. पायरीवर बसा. विचारा, तुमचे ऊन कुठून येते? पाणी कुठून जाते? खिडकी कुठे खुपेल? तुमची तुळई कोणत्या भिंतीत आहे? वरचा मजला शेजारच्या अंगणाच्या बाजूने थोडा मागे घेता आला तर घ्या. उत्तर बहुधा ‘बांधा’ असेच येईल. सोबत एखादी छोटी अट येईल, अब्बांना आली होती तशी. ती अट म्हणजेच घराची जकात समजा.

आमच्या मागच्या गल्लीत ईदनंतर एक जुने घर उतरणार आहे. मालक माझा जुना विद्यार्थी, आता चांगल्या नोकरीत. परवा तरावीहनंतर भेटला. इंजिनिअरचा नंबर हवा होता, तो दिला. म्हटले, “ईदला शीरखुर्म्याचे डबे घेऊन शेजारी जाशील, तेव्हा नकाशाही घेऊन जा. आधी त्यांची परवानगी घे.”

तो हसला. “सर, परवानगी तर महापालिकेची लागते.”

“तीही लागते,” मी म्हणालो.